वैमानिकाला पासष्टाव्या वर्षी घरी बसवणं कितपत योग्य?

तिसरी_घंटा

आमचा दादा कॅप्टन आहे. अजून सात आठवड्यांनी तो ६५ चा होतोय आणि त्या दिवसापासून त्याला प्रवासी विमान चालवता येणार नाही. म्हणजे आदल्या रात्री उतरवलेलं विमान चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस, तेच हात, पण नाही.

मागच्याच महिन्यात त्याचा सिमचा, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधला, चेक झाला. स्लॉट पहाटे तीनचा. नाक उचलायच्या क्षणी एक इंजिन बंद पाडलं, मग त्याच इंजिनाला आग, मग एका इंजिनावर खाली यायचं तर धावपट्टीच दिसेना म्हणून परत वर, फेरी मारून पुन्हा उतरायचं, आणि हे सगळं चालू असताना मागून परीक्षक शांतपणे वहीत काहीतरी लिहितोय. घरी आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता. शेरा काय मिळाला विचारलं तर म्हणे 'स्टँडर्ड'. मला वाटलं बरा गेला नाही बहुतेक, तर वहिनी म्हणाली अगं त्यांच्यात स्टँडर्ड म्हणजे लय भारी. मेडिकलही दर सहा महिन्यांनी, तेही स्वच्छ.

तो स्वतः काही बोलत नाही या विषयावर. पण लॉगबुकं काढून बसतो हल्ली. माझा प्रश्न साधा आहे, हा ६५ आकडा आला कुठून? कुणी मोजून काढलाय की असाच?

---

फुकट_सल्ला

विमान चालवायला ६५ जास्त आणि देश चालवायला ८० पण चालतं. बाकी चालू द्या.

---

खिडकीपाशी

हा विनोद पहिल्याच प्रतिसादात येणार यावर मी पैज लावली असती.

मला विमानाची जाम भीती वाटते, त्यामुळे आत शिरताना कॉकपिटचं दार उघडं असलं की मी डोकावून बघतेच. पांढरे केस दिसले की बरं वाटतं. पण मग खुर्चीत बसल्यावर दुसरा विचार येतो की याला वर गेल्यावर काही झालं तर? म्हणजे मला म्हातारा पण हवा आणि धडधाकट पण हवा, असं आहे माझं. तेव्हा नियम नको असं मी तरी म्हणणार नाही. सॉरी, तुमच्या दादांबद्दल काही नाही हां.

---

जुने_कात्रण

'कुणी मोजून काढलाय की असाच' याचं उत्तर: असाच. निदान सुरुवात तरी अशीच आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे.

अमेरिकेत १९५९ पर्यंत वरच्या वयाची अट नव्हती. तेव्हा जेट विमानं नुकतीच येत होती. अमेरिकन एअरलाइन्सला वयस्कर पायलटांना जेटवर तयार करायचं नव्हतं, कारण खर्च जास्त आणि पुढे वापर कमी. त्यांनी साठीला लोकांना निवृत्त करायला सुरुवात केली तेव्हा पायलट लवादाकडे गेले आणि कंपनी हरली. मग कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी एफएएचे, म्हणजे विमानांचे नियम करणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याचे, प्रमुख जनरल क्वेसाडा यांना पत्र लिहिलं. दोघांची ओळख जुनी. त्याच वर्षाच्या अखेरीस नियम निघाला आणि मार्च १९६० पासून साठीनंतर एअरलाइनचं विमान चालवणं बंद. जे कंपनीला लवादात जमलं नाही ते सरकारी नियमाने झालं. पुढे क्वेसाडा एफएएमधून बाहेर पडले आणि १९६१ मध्ये कुणाच्या संचालक मंडळावर बसले सांगा? बरोबर. अमेरिकन एअरलाइन्स.

त्यातली गंमत अशी की नियम फक्त पायलटांना होता. जुन्या बोईंग ७२७ विमानात तिसरी खुर्ची असायची, फ्लाइट इंजिनीअरची, तिला वयाची अट नाही. मग साठ पूर्ण झालेले कॅप्टन चक्क मागच्या खुर्चीत जाऊन बसायचे. काल ज्याला 'सर' म्हणत होते तो आज मागे बसून इंधनाचे काटे वाचतोय. एका कंपनीने मागच्या खुर्चीलाही साठची अट लावली तर प्रकरण अमेरिकन सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८५ मध्ये कंपनी हरली. एकेकाची तपासणी करून ठरवणं शक्यच नाही असं दाखवता येत नसेल तर सरसकट वय लावू नका, असा त्या निकालाचा रोख.

६० चं ६५ कधी झालं? आयकाओने २००६ च्या नोव्हेंबरात केलं, अमेरिकेने १३ डिसेंबर २००७ ला. आयकाओ म्हणजे हवाई वाहतुकीचे जगभरचे नियम ठरवणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था. अमेरिकन कायद्यातला बारीक काटा बघा, ज्याचा साठावा वाढदिवस त्या तारखेच्या आधी होऊन गेला त्याला जुनी सिनियॉरिटी परत नाही. यायचं तर नवा भरती म्हणून, सगळ्यात तळाला. त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ज्यांना साठ लागलं त्यांचा विचार करा.

---

फुकट_सल्ला

कात्रणराव दंडवत. क्वेसाडांचं वाचून गार पडलो.

---

उजवी_सीट

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितोय. मी फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे को-पायलट. वय ३८. अकरा वर्षं उजव्या सीटवर.

बाहेरच्यांना हे कळत नाही की एअरलाइनमध्ये सगळं सिनियॉरिटी नंबरवर चालतं. कुठलं विमान, कुठला बेस, सणाला घरी की लेओव्हरला, सगळं. आणि कमांड अपग्रेडसुद्धा, म्हणजे को-पायलटचा कॅप्टन होणं. तुम्ही कितीही चांगले असा, वरचा माणूस जाईपर्यंत तुमचा नंबर हलत नाही. वर एक माणूस निवृत्त झाला की खाली साखळी हलते, मोठ्या विमानावरचा कॅप्टन जातो, छोट्यावरचा मोठ्यावर जातो, त्याच्या जागी कुणीतरी डावीकडे कॅप्टनच्या सीटवर सरकतो, तळाला नवा पोरगा येतो. उद्या ६५ चं ६७ केलंत तर ती अख्खी साखळी दोन वर्षं गोठणार. दादांना दोन वर्षं सगळ्यात वरच्या पगाराची मिळणार आणि ती माझ्या खिशातून, हे कुणी सरळ बोलत नाही. अमेरिकेत २००७ नंतर हेच झालं. वय वाढलं आणि पाठोपाठ मंदी आली, खालची पोरं तिथेच अडकली, कित्येकांना घरी बसवलं.

मीही एकदा यातून गेलोय. माझ्या आधीच्या कंपनीत (नाव नको) अपग्रेडची यादी लागली, माझ्यापुढे दोघेच होते. तेवढ्यात निवृत्त होणाऱ्यांना काँट्रॅक्टवर ठेवायचं ठरलं आणि यादी गुंडाळली. घरी पेढे आणून झाले होते.

---

तिसरी_घंटा

उजवी_सीट, तुमचा राग समजतो. पण मग हा सुरक्षेचा नियम आहे की प्रमोशनचा? दोन्ही एका पिशवीत घालू नका ना.

---

उजवी_सीट

दोन्ही एकाच पिशवीत आहेत हेच तर म्हणतोय ताई! अमेरिकन पायलटांची मोठी युनियन आहे, आल्पा. तिचा इतिहास बघा. साठच्या नियमाला १९८० पर्यंत विरोध, मग त्याच नियमाला पाठिंबा, २००७ मध्ये परत उलटी, ६५ करा म्हणून, आणि आता ६७ ला विरोध. माणसाचं हृदय या काळात तीनदा बदललं का? नाही. युनियनमध्ये कुठल्या वयाचे मेंबर जास्त आणि पेन्शनचं काय चाललंय ते बदललं. मी विरोध करतो तेव्हा माझाही स्वार्थ आहे, निदान मी लपवत नाही.

---

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. वैमानिकांची मेडिकल बरीच वर्षं करतोय. दोन गोष्टी लिहितो, थोडं लांबेल.

एक म्हणजे 'वर गेल्यावर काही झालं तर' याचा हिशेब खरंच मांडलेला आहे. आमच्यात त्याला एक टक्क्याचा नियम म्हणतात, ब्रिटनमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ऐंशीच्या दशकात बसवलेला. समजा एखाद्या पायलटला वर्षभरात अचानक निकामी व्हायची शक्यता शंभरात एक आहे. वर्षाचे तास ८,७६०, सोपं म्हणून दहा हजार धरा. म्हणजे कुठल्याही एका तासात ती शक्यता दहा लाखांत एक झाली. आता उड्डाणातला खरा नाजूक वेळ म्हणजे टेकऑफ आणि लँडिंग, तो जेमतेम एक दशांश. झालं कोटीत एक. आणि अशा वेळी शेजारचा पायलट शंभरात नव्व्याण्णव वेळा विमान सांभाळतो, सिममध्ये हे मुद्दाम करून घेतात. कोटीच्या पुढे आणखी दोन शून्यं लावा, अब्जात एक. वैद्यकीय कारणाने होणाऱ्या अपघाताची एवढी शक्यता चालवून घ्यायची असं ठरलं, आणि तिथून उलटं मोजत ती एक टक्क्याची रेघ आली.

यात वय कुठे आहे? थेट कुठेच नाही. वय वाढलं की माणूस त्या एक टक्क्याच्या रेघेकडे सरकतो एवढंच. कुणी पन्नाशीतच ओलांडतो, कुणी सत्तरीतही लांब असतो. पण हा सगळा डोलारा शेजारच्या पायलटवर उभा आहे. म्हणून तर आयकाओमध्ये एकट्याने चालवायच्या व्यावसायिक उड्डाणांना अजून ६० च आहे आणि दोन पायलट असतील तिथे ६५. २००६ मध्ये वाढवलं तेव्हाही अट होती की एक साठीच्या वरचा असेल तर दुसरा साठीच्या आतला हवा. ती अट २०१४ मध्ये काढली.

अवांतर: पायलट हवेत निकामी व्हायचं सगळ्यात नेहमीचं कारण हृदय नाही. पोट आहे. जुलाब उलट्या. म्हणून दोघांना वेगवेगळं जेवण देतात.

दुसरी गोष्ट नंतर लिहितो, पेशंट आलाय.

---

खिडकीपाशी

डॉक्टर, अब्जात एक वाचून बरं वाटलं आणि जुलाब वाचून परत पोटात गोळा आला.

पण खरंच असं कधी झालंय का, कॅप्टन वर असतानाच गेला असं?

---

जुने_कात्रण

झालंय, एकदा नाही. दोन उदाहरणं देतो, योगायोगाने दोन्ही १८ जूनची.

१८ जून २००९, कॉन्टिनेन्टलचं ७७७, ब्रसेल्सहून नेवार्कला. अटलांटिकवर असताना साठ वर्षांचा कॅप्टन गेला. विमानात डॉक्टर आहे का विचारलं, डॉक्टर आले, उपयोग झाला नाही. लांबचा पल्ला म्हणून जादा पायलट होताच, तो पुढे बसला, दोघांनी विमान ठरल्या ठिकाणी उतरवलं. प्रवासी २४७, त्यांना उतरल्यावर कळलं.

१८ जून १९७२, लंडनजवळ स्टेन्स, बीईए या ब्रिटिश कंपनीचं ट्रायडंट विमान. उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत कोसळलं, ११८ जण होते, कुणी वाचलं नाही. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमनीचा जुना विकार सापडला. निघायच्या आधी क्रू रूममध्ये त्याचं संपावरून जोरदार भांडण झालं होतं. पंखाच्या पुढच्या कडेच्या फळ्या वेळेआधीच आत घेतल्या गेल्या आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल संपली. शेजारी बसलेला पायलट बावीस वर्षांचा. कॅप्टनचं वय? ५१. म्हणजे आजच्या कुठल्याही नियमात तो आरामात बसला असता.

तरणे असले म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०१५ मध्ये जर्मनविंग्जचं विमान ज्याने मुद्दाम डोंगरावर घातलं तो को-पायलट २७ वर्षांचा होता. १५० जीव गेले.

---

खिडकीपाशी

मी या धाग्यावर का आले. रेल्वेचं तिकीट बघते.

---

मी_काय_म्हणते

अगं थांब, घाबरू नकोस. मी केबिन क्रूमध्ये सव्वीस वर्षं काढली, आता रिटायर्ड. एकदाच कॅप्टन आजारी पडलेला बघितला, मूतखड्याचा त्रास. सीट मागे ओढून, पट्टे आवळून, हात पाय कंट्रोलपासून लांब ठेवायचे, हे आम्हाला दरवर्षी शिकवतात. को-पायलट मुलगी तिशीची पण नव्हती. तिने आवाज न चढवता डायव्हर्ट केलं, उतरल्यावर मात्र शिडीच्या पायरीवर बसून पाच मिनिटं कुणाशी बोलली नाही.

वयाचं म्हणाल तर मला या पुरुषांच्या रडगाण्याचं थोडं हसू येतं. कात्रणरावांच्या त्याच अमेरिकन एअरलाइन्समध्ये १९५३ पासून हवाई सुंदरीला बत्तीसाव्या वर्षी कामावरून उतरवायचे. बत्तीस! त्यात कुठलं हृदय आणि कुठला एक टक्का? बायकांनी भांडून ते मोडलं. आणि बेट्टी नॅश या बाई १९५७ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्समध्ये लागल्या, पुढे त्याच अमेरिकन एअरलाइन्समध्ये आल्या आणि अगदी २०२४ मध्ये गेल्या तोवर नोकरीवर होत्या, वय ८८. आगीत दार उघडून माणसं बाहेर काढायचं काम आमचंच, तिथे वयाची रेघ नाही, दरवर्षी परीक्षा आहे. दार उघडता आलं तर ये, नाही तर घरी. हे पायलटांना का नको?

---

तिसरी_घंटा

हेच! मी_काय_म्हणते यांना हजार मोदक. प्रत्येकाची तपासणी करा ना. दादासारखा पास झाला तर उडू दे, नाही झाला तर साठीच्या आधीच थांबवा. डॉक्टर कुठे गेले?

---

नाडीपरीक्षा

आलो. माझी दुसरी गोष्ट हीच होती.

हृदयाचं मोजता येतं. ईसीजी आहे, ट्रेडमिल आहे, रक्त आहे. खरी अडचण डोक्याची. वय वाढलं की कमी काय होतं? एका वेळी चार गोष्टी लक्षात धरणं, रेडिओवर घाईत सांगितलेले उंची-दिशा-फ्रिक्वेन्सीचे आकडे एका दमात पकडणं, रात्री डोळे लवकर सरावणं, सलग तीन रात्रपाळ्यांनंतर सावरणं. वाढतं काय? आधी बघितलेलं ओळखणं, घाई न करणं, कुठे जायचंच नाही ते कळणं. स्टॅनफर्डच्या लोकांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ पायलटांना तीन वर्षं दरवर्षी सिम्युलेटरमध्ये बसवलं होतं, २००७ मध्ये छापून आलं. सुरुवातीला वयस्कर मागे होते पण पुढच्या वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी निघाली, आणि वरच्या दर्जाचं लायसन्स असलेले सगळ्याच वयात सरस. आता यावरून ६५ आकडा काढून दाखवा. निघत नाही. ७० पण निघत नाही.

मग डोक्याची परीक्षा का नाही? मी हे कॅप्टन लोकांना विचारतो, तपासताना गप्पा होतात. जे वयाच्या अटीला सगळ्यात जास्त शिव्या घालतात तेच म्हणतात, नको डॉक्टर, ती परीक्षा आली तर पन्नाशीत पण लागेल, पंचेचाळिशीत पण लागेल. मग एका वाईट दिवसाच्या गुणांवर माझं लायसन्स जाणार, घराचे हप्ते तसेच. ६५ ला सगळे जातात, त्यात कुणाची लाज नाही. केक कापतात, पाण्याचे फवारे मारतात, बायकोला घेऊन शेवटची फेरी. परीक्षेत नापास होऊन जाणाऱ्याला केक नसतो.

तेव्हा ताई, मला विचाराल तर हा नियम प्रवाशांइतकाच पायलटांना सांभाळतो. माझ्यासारख्यालाही सांभाळतो. वीस वर्षं ज्याला ओळखतो त्याला समोर बसवून 'कॅप्टन, बास आता' हे मला सांगावं लागत नाही. कॅलेंडर सांगतं. मी दोनदाच सांगितलंय, दोघंही साठीच्या आतले, आणि दोन्ही वेळा पेनाचं टोपण लावायला मला उगाच वेळ लागला.

---

उजवी_सीट

डॉक्टर, हे वाचून गप्प झालो. माझंच सांगतो, आमच्याकडे उद्या तशी परीक्षा ठेवली तर पहिला विरोध मी करीन. ३८ व्या वर्षी.

६७ चं आत्ता काय चाललंय ते पण लिहितो, खूप लोकांना वाटतं झालंच. अमेरिकेत २०२३ मध्ये खालच्या सभागृहाच्या विधेयकात ६७ होतं, पण मे २०२४ चा जो कायदा झाला त्यात ६५ च राहिलं. २०२५ मध्ये आयाटाने, म्हणजे एअरलाइन्सच्या संघटनेने, आयकाओच्या मॉन्ट्रियलच्या बैठकीत ६७ मागितलं, एक ६५ च्या वर तर दुसरा आतला हवा या अटीवर. मंजूर झालं नाही. जपानने मात्र २०१५ पासून ६८ पूर्ण होईपर्यंत चालवू दिलंय, त्यांच्याकडे पायलटच कमी. ऑस्ट्रेलियात देशातल्या उड्डाणांना वरची रेघच नाही.

---

जुने_कात्रण

ऑस्ट्रेलियावरून आठवलं. क्वांटासचा एक ७४७ चा कॅप्टन साठीनंतर कंपनीशी भांडत हायकोर्टापर्यंत गेला होता, तिकडचं ते सर्वोच्च. १९९८ चा निकाल. देशात वयाची अट नाही हे मान्य, पण तेव्हा बाहेरच्या बहुतेक देशांत साठीच्या वरचा कॅप्टन आकाशात घेत नसत, त्यामुळे हा जाणार कुठे? फिजी, न्यूझीलंड आणि बालीचं देनपसार. ७४७ घेऊन एवढंच. बाकी पायलटांनी काय, याच्यासाठी जवळच्या फेऱ्या सोडायच्या? हरला तो. आज कुठल्या देशाने एकट्याने ६७ केलं तर हाच घोळ होणार, मोठ्या विमानावरचे सगळ्यात सिनियर लोक परदेशी जाता येत नाही म्हणून छोट्या विमानांवर उतरणार, त्यांना परत शिकवायचं, आणि तिथला कॅप्टन उजवीकडे ढकलायचा.

---

फुकट_सल्ला

म्हणजे उजवी_सीटची सीट परत उजवीच.

---

उजवी_सीट

मारू का? 😄

---

तिसरी_घंटा

शेवटचा अपडेट, मग धागा तुमच्या स्वाधीन.

काल दादाला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. क्वेसाडांचं त्याला माहीत होतं. डॉक्टरांचं ऐकल्यावर बराच वेळ नखं बघत बसला आणि म्हणाला, खरंय, मीच सही केली होती त्या परीक्षेच्या विरोधातल्या पत्रावर, बारा-तेरा वर्षं झाली असतील. मला हे माहीतच नव्हतं. इतके दिवस त्याच्या वतीने भांडतेय आणि हा बाबा! मी चिडले तर म्हणतो तेव्हा मी बावन्नचा होतो गं.

पुढे काय ठरलंय तर सिममध्ये शिकवणार आहे, तिथे ६५ ची आडकाठी नाही. पहाटे तीनच्या स्लॉटला आता तो मागे वही घेऊन बसणार. वहिनी म्हणाली म्हणजे झोप माझीच मोडणार.

उजवी_सीट, तुमच्यासाठी निरोप आहे. म्हणाला, त्या पोराला सांग, कमांड मिळाली की पहिला महिनाभर सगळं उलट्या हाताने करायचंय, थ्रॉटल डाव्याचा उजव्या हातात येतो आणि कॉफी ठेवायची जागा दुसऱ्या बाजूला जाते. पांढरा शर्ट जास्तीचा ठेव.